जेन८ मायक्रोसर्व्हरचा सेलेरॉन काढून झिऑन टाकावा का? (सल्ला हवा, टोमणे चालतील)

अर्धवट_सर्व्हर | पुणे | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्याकडे एचपी प्रोलायंट मायक्रोसर्व्हर जेन८ आहे, तो चौकोनी डबा, पुढे चार डिस्कचे कप्पे, दाराला निळी पट्टी. २०१३ साली आलेलं मॉडेल, मी २०१७ला सेकंडहँड घेतला. आत सेलेरॉन जी१६१०टी प्रोसेसर, दोन कोर, २.३ गिगाहर्ट्झ. रॅम १६ जीबी करून घेतली तेव्हाच. ट्रूनॅस (फायली साठवायच्या डब्यांची ऑपरेटिंग सिस्टिम) चालतं, चार डिस्का, घरातले फोटो, बाबांच्या जुन्या कीर्तनाच्या कॅसेटी डिजिटल करून ठेवल्यात त्या, आणि माझ्या कामाच्या फायली म्हणजे अशीलांचे कागद वगैरे.

इतकी वर्षं काही तक्रार नव्हती पण दिवाळीत मी नवा डेटासेट (साठवणीतला वेगळा विभाग) केला आणि सगळं त्यात हलवलं, तेव्हापासून डबा म्हातारा झाल्यासारखा वागतोय. लॅपटॉपवरून मोठी फाईल टाकली की सेकंदाला २८-३० एमबी, त्यातच कुणी टीव्हीवर जेलीफिन (डब्यातले चित्रपट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं की सगळंच अडतं. आता प्रोसेसरच बदलावा असं डोक्यात आलंय. नेटवर शोधलं तर झिऑन ई३-१२६५एल व्ही२ सगळे घेतात असं दिसतं पण तो महाग आहे. त्यात ग्राफिक्सही आहे म्हणे, म्हणजे जेलीफिनचं पण काम होईल ना?

प्रश्न: कुठला घ्यावा, गरम होईल का, आणि मी आयुष्यात कधी प्रोसेसर काढलेला नाही तर हे मला जमेल का?


खुशालचेंडू | ९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. बाकीच्यांवर तज्ज्ञ बोलतील. मी चहा घेऊन बसलोय.


जुना_बाजार | ठाणे | ९ फेब्रुवारी, रात्री ११:३१

स्वागत हो. चेंडूकडे लक्ष देऊ नका, त्याने स्वतःचा मिक्सर उघडला होता तो अजून पोत्यात आहे.

तुमचा डबा नशीबवान आहे. त्याच्या आधीचे एन३६एल, एन४०एल, एन५४एल ह्यांच्यात एएमडीची चिप बोर्डावर सोल्डर केलेली होती, आणि नंतरच्या जेन१०मध्ये पण ऑप्टेरॉन सोल्डरच. जेन८मध्ये चक्क सॉकेट आहे, एलजीए ११५५. म्हणजे सँडी ब्रिज आणि आयव्ही ब्रिज पिढीचे झिऑन ई३ आणि आय३ बसतात. माझं मत विचाराल तर झिऑनच्या फंदात पडू नका. आय३-३२२०टी घ्या, ३५ वॅट म्हणजे तुमच्या सेलेरॉनएवढाच, चार थ्रेड, २.८ गिगाहर्ट्झ, ईसीसी रॅम (चुका स्वतः सुधारणारी) चालते, आणि लॅमिंग्टन रोडला भंगारच्या भावात मिळतो. पंखा पण ओरडणार नाही.


अर्धवट_सर्व्हर | १० फेब्रुवारी, सकाळी ७:४०

धन्स काका! आय३ एवढा स्वस्त असेल तर ह्याच शनिवारी मुंबईला जाणारच आहे तेव्हा बघतो.


सोल्डरबाई | बेंगळुरू | १० फेब्रुवारी, सकाळी ९:१२

थांबा थांबा, कोणी तिकीट काढू नका. नक्की काय हळू चाललंय हे कळल्याशिवाय प्रोसेसर विकत घेणं म्हणजे ताप का आलाय ते न बघता गोळ्या बदलत राहणं.

"दिवाळीत नवा डेटासेट केला तेव्हापासून" हे तुम्हीच लिहिलंय. मला एकच सांगा, तो डेटासेट करताना एन्क्रिप्शनच्या चौकटीवर टिक होती का?

आणि दोन कामं करा. एक, आयपर्फ चालवून नेटवर्कचा वेग बघा. दोन, त्याच पूलवर (चारही डिस्का मिळून झालेला साठा) एन्क्रिप्शनशिवाय एक छोटा डेटासेट करा आणि तीच फाईल दोन्हीकडे टाकून बघा. टाकताना दुसऱ्या खिडकीत टॉप उघडून ठेवा, प्रोसेसर किती टक्के ते पण लिहा.


अर्धवट_सर्व्हर | १० फेब्रुवारी, रात्री ९:२०

ताई, काय बोलू. टिक होती. अशीलांचे कागद आहेत, डबा चोरीला गेला तर नको म्हणून मीच हौसेने केली होती.

आयपर्फ ९४० मेगाबिट.
साधा डेटासेट १०६ एमबी.
एन्क्रिप्टेड डेटासेट ३१ एमबी, आणि प्रोसेसर दोन्ही कोर धरून जवळजवळ १०० टक्के.

म्हणजे डिस्का आणि नेटवर्क निर्दोष, सेलेरॉनच धापा टाकतोय. मग आय३ घेतला की सुटेल ना?


सोल्डरबाई | १० फेब्रुवारी, रात्री ९:४८

नाही सुटणार, आणि म्हणूनच सकाळी थांबा म्हटलं.

एईएस ह्या पद्धतीचं कूटलेखन, म्हणजे एन्क्रिप्शन, करायला प्रोसेसरमध्ये वेगळ्या सूचना असतात, एईएस-एनआय. त्या असतील तर काम चिपमधल्या तयार सर्किटवर होतं, नसतील तर तेच गणित साध्या सूचनांनी गिरवत बसावं लागतं. तुमच्या जी१६१०टीमध्ये त्या नाहीत. इंटेलने तेव्हा बाजाराचे कप्पे पाडण्यासाठी सेलेरॉन, पेंटियम आणि डेस्कटॉपच्या आय३मधून त्या बंद ठेवल्या होत्या. डेस्कटॉप आय३ला एईएस-एनआय चौथ्या पिढीपासून मिळालं, म्हणजे हॅसवेलपासून, आणि हॅसवेल तुमच्या सॉकेटात बसतच नाही. म्हणजे आय३-३२२०टी घालून थ्रेड वाढतील, वेग थोडा सुधारेलही, पण मूळ दुखणं तसंच.

झिऑन ई३मध्ये मात्र पहिल्या पिढीपासून आहे. तेव्हा गिगाहर्ट्झ बघून घेऊ नका, हा एक गुण आहे की नाही ते बघून घ्या. दुकानात खात्री करायची तर मशीनवर लिनक्स चढवून सीपीयूइन्फोच्या फ्लॅग्जमध्ये एईएस शब्द शोधायचा, दोन मिनिटांचं काम.


जुना_बाजार | १० फेब्रुवारी, रात्री १०:१५

बाईंना अनुमोदन, माझा सल्ला मागे घेतो. मी स्वतः आय३ घातलाय आणि मला फरक पडला कारण माझ्याकडे एन्क्रिप्शनच नाही, सगळं उघड्यावर. बायकोला पासवर्ड आठवत नाही ह्या एका कारणासाठी आमच्या घरात काहीच कुलूपबंद नसतं.


खुशालचेंडू | १० फेब्रुवारी, रात्री १०:१९

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)


राईनकाठचा | ड्युसेलडॉर्फ | ११ फेब्रुवारी, पहाटे २:०८ (तुमच्याकडची वेळ)

उशिरा आलो. माझ्याकडे गेली आठ वर्षं हाच डबा १२६५एल व्ही२ घालून चालू आहे तर अनुभवाचं सांगतो.

आधी एक भ्रम फोडतो. १२६५एलमध्ये ग्राफिक्स आहे हे खरं, पण ह्या डब्यात त्याचा शून्य उपयोग. बोर्डावरचा चिपसेट सी२०४ आहे आणि स्क्रीनवर जे दिसतं ते आयएलओ (दुरून डबा सांभाळायची बोर्डावरची सोय) बरोबरच्या मॅट्रॉक्स जी२०० चिपमधून येतं. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स कुठे जोडलेलंच नाही, त्यामुळे क्विक सिंक (ग्राफिक्सकडून व्हिडिओचं रूपांतर) विसरा. त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका, मी मोजलेत. जेलीफिनला ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ टीव्हीला चालेल अशा रूपात बदलणं) करायचं असेल तर ते कोरांच्या जिवावर होईल, एखादा १०८०पी चित्रपट आरामात, ४के नाही. त्यापेक्षा टीव्हीला जी फाईल थेट चालते तीच ठेवा.

आता बाजारात काय काय आहे ते. ई३-१२२०एल व्ही२ दोन कोर चार थ्रेड, फक्त १७ वॅट, कंपनीने स्वतः हा घालून जेन८ विकलाय. तुमच्या कामाला खरं तर हाच पुरे, पण मिळणं कठीण. १२६५एल व्ही२ चार कोर आठ थ्रेड ४५ वॅट, सगळ्यांना हवा असतो म्हणून महाग. १२६०एल हा आधीच्या सँडी ब्रिजचा, तोही ४५ वॅट, त्याच्यावर रॅम १६००ऐवजी १३३३ने चालते, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. आणि १२३० व्ही२, चार कोर आठ थ्रेड, ३.३ गिगाहर्ट्झ, ६९ वॅट. हा जुन्या वर्कस्टेशनांतून ढिगाने निघतो म्हणून बराच स्वस्त.

व्ही३ घेऊ नका!! व्ही३ म्हणजे एलजीए ११५०, दिसायला सारखा पण खाचा जुळत नाहीत. इथे माझ्या एका मित्राने घेतला आणि मग त्याच्यासाठी आख्खा नवीन बोर्ड घेतला.


भर_उन्हात | नागपूर | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

भाऊ मी १२३० व्ही२वाला. दोन वर्षं झाले. काही फुटलं नाही, पण ६९ वॅट ऐकून लोक घाबरतात म्हणून हिशेब सांगतो.

हीटसिंकवर स्वतःचा पंखा नाही, मागचा मोठा पंखाच पूर्ण डब्याची हवा ओढते, आणि तो हीटसिंक मुळात ३५ वॅटच्या चिपसाठी. ६९ वॅट ही पूर्ण भाराची गोष्ट आहे, फायली ठेवणाऱ्या डब्यावर तो भार दिवसातून किती वेळ येते? माझ्याकडे निवांत असताना सेलेरॉन आणि झिऑनमध्ये प्लगच्या मीटरवर दोन-तीन वॅटचाच फरक दिसला, कारण रिकामा कोर झोपून जाते. आणि समजा १० वॅट जरी वाढले तरी महिन्याला ७ युनिट, बस.

पॉवर सप्लाय १५० वॅटचा आहे, त्याची काळजी वेगळी. डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे चार डिस्का मिळून शंभरेक वॅट, पण ते काही सेकंद, आणि तेव्हा प्रोसेसर काही पूर्ण जोरात नसते. फिरायला लागल्यावर डिस्कमागे सात-आठ वॅट. ग्राफिक्स कार्ड वगैरे नको त्या गोष्टी घालू नका म्हणजे झालं.

एक गंमत, आयएलओमध्ये सीपीयूचं तापमान नेहमी ४० दाखवते. बाहेर थंडी असो की मे महिना, ४० म्हणजे ४०. तो खरा आकडा नाही, त्यावर विसंबू नका. खरा आकडा ऑपरेटिंग सिस्टिममधून कोअरटेंपचा घ्या. इनलेटचा (आत येणाऱ्या हवेचा) आकडा मात्र खरा आहे.


अर्धवट_सर्व्हर | ११ फेब्रुवारी, दुपारी १:१५

४० वाचून मी इतकी वर्षं खूश होतो की काय थंड डबा आहे म्हणून :(

नागपूरकर, पूर्ण भारावर किती जातं तुमचं?


भर_उन्हात | ११ फेब्रुवारी, दुपारी ३:०२

थंडीत साठ-पासष्ट. उन्हाळ्यात स्क्रब (डिस्कांवरच्या सगळ्या डेटाची तपासणी) चालू असताना ऐंशीच्या जवळ गेलं होतं, पंखा मग ट्रॅक्टर. मी बायॉसमध्ये जाऊन टर्बो (गरजेला वेग वाढवायची सोय) बंद केला, त्यानंतर बरंच उतरलं. बूट होताना एफ९ दाबायचं, प्रोसेसरच्या पर्यायांत टर्बो बूस्ट आहे, हायपरथ्रेडिंग आहे, कोर कमी करायची पण सोय आहे. ३.३ची चिप ३.३ला चालली तर कोणाचं काय बिघडते. ह्या वर्षी मे मध्ये परत मोजून सांगतो.


सोल्डरबाई | ११ फेब्रुवारी, दुपारी ४:२६

टर्बो बंदची युक्ती चांगली आहे. एईएसच्या कामाला तर टर्बोची गरजही नाही.

रच्याकने, अर्धवट, तुमचा आयएलओ बाहेरून उघडता येतो का? म्हणजे राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड वगैरे?


अर्धवट_सर्व्हर | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

हो, गावाला गेलो की बंद-चालू करता यावं म्हणून ठेवलाय. पासवर्ड एकदम अवघड आहे.


सोल्डरबाई | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:०४

आत्ता. ह्या क्षणी. बंद करा. मग पुढचं वाचा.

आयएलओ ४च्या २.५३च्या आधीच्या फर्मवेअरमध्ये २०१७ साली एक भोक सापडलं होतं, विनंतीच्या कनेक्शन हेडरमध्ये इंग्रजी ए हे अक्षर २९ वेळा लिहिलं की पासवर्डच विचारत नाही. तुमचा अवघड पासवर्ड त्या २९ अक्षरांपुढे शोभेचा. फर्मवेअर नवं करा आणि तरीही बाहेर उघडा ठेवू नका, व्हीपीएनमधून या.


अर्धवट_सर्व्हर | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२२

बंद केला. फर्मवेअर २.४० होतं. घाम फुटला.


खुशालचेंडू | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

म्हणजे अशीलांच्या कागदांना तिजोरी, आणि वाड्याचा मागचा दरवाजा सताड उघडा.

आता माझा गंभीर प्रश्न, खरंच गंभीर आहे. हा १२-१३ वर्षांचा म्हातारा सजवण्यापेक्षा एक इंटेल एन१०० मिनी पीसी का घेत नाही कोणी? ६ वॅट, एईएस-एनआय आहे, क्विक सिंक आहे, हातावर मावतो.


राईनकाठचा | ११ फेब्रुवारी, रात्री ११:४०

प्रश्न रास्त आहे आणि नवीन सुरुवात करणाऱ्याला मी पण तेच सांगेन. पण चार ३.५ इंची डिस्का त्या मिनी पीसीला कुठे लावणार, यूएसबीच्या डब्यांतून? झेडएफएसला (ट्रूनॅसची फाईल सिस्टिम) यूएसबीवर ठेवून शांत झोप लागत असेल तर लावा. इथे चार कप्पे, ईसीसी रॅम, आयएलओ, दोन नेटवर्क पोर्ट सगळं आधीच घरात आहे. जुनी चिप त्या मानाने कितीतरी स्वस्त. अर्थात आणखी पाच वर्षांनी पॉवर सप्लाय गेला की मी स्वतःच तुझ्याकडे येईन.


जुना_बाजार | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर ऐका. मेन रोडवरच्या चकचकीत दुकानांत विचारू नका, ते "सर आय५ घ्या ना" करतील. आतल्या गल्ल्यांत जुने सर्व्हर आणि वर्कस्टेशन फोडणारे बसतात त्यांच्याकडे जा. चिपवर काय कोरलंय ते मोबाईलच्या टॉर्चने वाचा. एसआरने सुरू होणारा कोड असेल तर नेहमीची विक्रीची चिप. इंटेल कॉन्फिडेन्शियल लिहिलेलं असेल किंवा कोड क्यूने सुरू होत असेल तर ते कंपनीचं चाचणीसाठीचं सँपल, स्वस्त देतील, घेऊ नका. चिपच्या पाठीवर पिना नसतात, सपाट सोनेरी टिकल्या असतात, त्या घासलेल्या, काळ्या पडलेल्या नकोत. आणि "चालली नाही तर परत" हे बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्द गल्लीच्या टोकापर्यंतच टिकतो.

रॅम घेताना पण एक, आता तुम्हाला नको पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: रजिस्टर्ड ईसीसी स्वस्त मिळते म्हणून उचलू नका, ह्याला अनबफर्ड ईसीसीच लागते, १२८००ई, शेवटी ई बघा, आर नव्हे.


अर्धवट_सर्व्हर | १५ फेब्रुवारी, रात्री ९:१०

आणला! ई३-१२३० व्ही२. १२२०एल कुणाकडेच नव्हता, १२६५एल एका ठिकाणी होता पण त्याने सांगितलेला भाव ऐकून मी पाणी मागितलं. १२३० एका मुलाने जुन्या वर्कस्टेशनमधून माझ्यासमोर काढून दिला, काढायच्या आधी तीच मशीन चालू करून एईएस दाखवला, कोड एसआरचाच. बिलावर सात दिवस परतीचं लिहून घेतलं. चहा पण पाजला.

उद्या रविवार, उद्याच बसवतो. काय काय लक्षात ठेवू?


राईनकाठचा | १५ फेब्रुवारी, रात्री ११:५५

लांबलचक लिहितो, एकदा पूर्ण वाच मग हात लाव.

ट्रूनॅसचं कॉन्फिगरेशन डाउनलोड करून लॅपटॉपवर ठेव, आणि त्या एन्क्रिप्टेड डेटासेटची किल्ली किंवा पासफ्रेज पण वेगळीकडे ठेव, ती गेली तर कीर्तनं गेली. मग नीट शटडाऊन, वायर काढ, पाच मिनिटं थांब. डिस्का बाहेर काढ आणि कुठली कुठल्या कप्प्यात ते लिहून ठेव, झेडएफएसला क्रमाने फरक पडत नाही पण तुला पुढे डिस्क बदलताना पडेल. दाराच्या आतल्या बाजूला टॉर्क्सची किल्ली अडकवलेली असते, बहुतेकांना वर्षानुवर्षं ती दिसतच नाही, तीच वापर. वरचं झाकण काढलं की आधी सगळ्या वायरींचे फोटो काढ, दोन बाजूंनी. वायरी सोडवून बोर्डाचा ट्रे बाहेर ओढला की काम मोकळ्यावर करता येतं.

हीटसिंकचे चार स्क्रू एकदम एक पूर्ण काढू नकोस, समोरासमोरचे थोडे थोडे सैल कर. जुनी पेस्ट वाळून चिकटलेली असेल, सरळ वर ओढू नकोस, हलकेच डावी-उजवीकडे पिळ. ह्या सॉकेटात चिप लोखंडी चौकटीखाली दाबलेली असते त्यामुळे हीटसिंकबरोबर ती उपटून येत नाही, जुन्या एएमडीवाल्यांना ती भीती असायची. मग दांडी उचल, चौकट उघड, चिप कडांना धरून सरळ वर. खाली सॉकेटात हजाराच्या वर केसासारख्या पिना आहेत. तिथे बोट नाही, कापूस नाही, फुंकर पण नाही. नवीन चिप खाचा बघून अलगद ठेव, दाब द्यायचा नाही, दांडी खाली करताना जो कर्र आवाज येतो तो बरोबर आहे, घाबरून सोडून देऊ नकोस.

पेस्ट मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढी, मध्ये. पोळीला तूप लावतात तशी फासायची नाही.


सोल्डरबाई | १६ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

+१. फक्त एक भर. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, घरातलं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. आणि हे काम दिवसा करा, खिडकीजवळ.


अर्धवट_सर्व्हर | १६ फेब्रुवारी, रात्री ११:४१

मंडळी कोणी जागं आहे का

दिवसा पाहुणे आले म्हणून रात्री बसलो. सगळं लिहिल्याप्रमाणे केलं, डबा चालू झाला, पहिल्या स्क्रीनवर झिऑनचं नाव पण आलं, मी इथे नाचलो. ट्रूनॅस पण आलं. पण पूल नाही. एकही डिस्क दिसत नाही. चारही गायब. बाबांची कीर्तनं आहेत हो त्यात


जुना_बाजार | १६ फेब्रुवारी, रात्री ११:४४

आधी पाणी प्या. चारही डिस्का एकदम मरत नाहीत. ट्रूनॅस पेनड्राईव्हवरून येतं ना? मग ते येणारच.


सोल्डरबाई | १६ फेब्रुवारी, रात्री ११:४७

दिवसा करा म्हटलं होतं.

चारही कप्पे एकाच जाड केबलने बोर्डाला जोडलेत, मिनी-सॅस म्हणतात ती, टोकाला धातूची चिमटीसारखी कळ असते. ती अर्धवट बसली असणार. बंद करा, वायर काढा, ती केबल पूर्ण बाहेर काढून परत टक असा आवाज येईपर्यंत दाबा. पूलला हात लावू नका, काहीही इंपोर्ट, वाइप, नवीन पूल वगैरे बटणं दाबू नका!


अर्धवट_सर्व्हर | १७ फेब्रुवारी, रात्री १२:१६

टक वाजलं.

आले. चारही आले, पूल हिरवा. ताई तुमचे पाय कुठे आहेत.


खुशालचेंडू | १७ फेब्रुवारी, रात्री १२:१८

बेंगळुरूला. ट्रॅफिक बघता पोचायला तुम्हाला चार दिवस लागतील.

(मी पण जागाच होतो, मला पण टेन्शन आलं होतं, सांगत नाही कोणाला.)


अर्धवट_सर्व्हर | १७ फेब्रुवारी, रात्री १०:३०

आज निवांत मोजलं. तीच फाईल, तोच एन्क्रिप्टेड डेटासेट: १०८ एमबी. साध्यावर पण १०८. म्हणजे आता नेटवर्कच भरतंय, आणि प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांच्या वर जात नाही. ३१ वरून १०८, आणि आय३ घेऊन बसलो असतो तर काय झालं असतं ते मनातल्या मनात मोजतोय.

टर्बो बंद केला. अर्धा तास मुद्दाम भार टाकून ठेवला, कोअरटेंप ६३ला थांबलं. आयएलओ काय म्हणतोय? ४०.

एक गोष्ट मात्र जमली नाही. झिऑनमध्ये व्हीटी-डी (हार्डवेअर थेट व्हर्च्युअल मशीनला द्यायची सोय) आहे म्हणून मी उत्साहात दुसऱ्या एका डिस्कवर प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टिम) चढवून स्लॉटमधलं सॅटा कार्ड व्हर्च्युअल मशीनला द्यायला गेलो तर आरएमआरआरच्या नावाने नकार येतो.


राईनकाठचा | १८ फेब्रुवारी, रात्री १:२०

ती ह्या पिढीच्या प्रोलायंटांची जुनी खोड. बायॉस त्या स्लॉटमधल्या कार्डासाठी मेमरीचा एक तुकडा स्वतःकडे राखून ठेवतो, आणि नवीन लिनक्स कर्नल म्हणतो असं राखीव असलेलं कार्ड मी पाहुण्याला देणार नाही. कर्नलला पट्टी (पॅच) मारून लोक त्यातून वाट काढतात. मी नाही मारली. ट्रूनॅस थेट लोखंडावर चालतंय तर चालू दे, माझं ऐकशील तर.


सोल्डरबाई | १८ फेब्रुवारी, सकाळी ९:३३

अनुमोदन. आणि ज्या हौसेने एन्क्रिप्शनची टिक मारली होती त्याच हौसेने हे चाललंय. पहिल्या टिकेचा इलाज आत्ता कुठे झालाय.


वाचनमात्र_साताकर | सातारा | २ मार्च, दुपारी १२:४५

छान धागा, वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्याकडे ह्याच्या आधीचा एन५४एल आहे, त्यात काही करता येईल का? आणि अर्धवटराव, जुना सेलेरॉन विकणार का?


जुना_बाजार | २ मार्च, दुपारी २:१०

वर लिहिलंय बघा, तो सोल्डर केलेला. त्यात रॅम भरा, पंख्यातली धूळ काढा, आणि प्रेमाने वागवा.


अर्धवट_सर्व्हर | २ मार्च, रात्री ८:००

सेलेरॉन विकत नाही, डब्याच्या वरच ठेवलाय चिकटपट्टीने. झिऑनला काही झालं तर परत तोच. आणि एन५४एलमध्ये बसणार नाहीच.


भर_उन्हात | नागपूर | २१ मे, दुपारी ३:४८

बोललो होतो म्हणून मोजून आलो. बाहेर ४५, कूलर चालू असलेल्या खोलीत इनलेट ३८. कंपनीच्या कागदावर हा डबा ३५पर्यंतच चालवा म्हणून लिहिलं आहे, कंपनीला नागपूर माहीत नसावं. टर्बो बंद, स्क्रब चालू, कोअरटेंप ७४, पंखा ओरडतेय पण ट्रॅक्टर नाही, फार तर लुना.

आयएलओ: ४०.


अर्धवट_सर्व्हर | २१ मे, संध्याकाळी ५:१२

पुण्यात इनलेट ३४. बाबांनी आज दुपारी विचारलं, हा डबा हल्ली घोरतो का रे. म्हटलं स्क्रब आहे, रात्रीपर्यंत संपेल.